छटाकभर माणूस

तुमसरच्या एका राईस मिलमध्ये मी लागलो तेव्हा अठरा वर्षांचा होतो. अंगानं बारीक, उंचीनं कमी. पहिल्याच दिवशी काट्याजवळ बसलेला दिवाणजी म्हणाला, "ए छटाक, तुह्यानं पोतं उचलते का?" सगळे हसले. मीही हसलो. ते माझंच हसू मला अजून टोचतं.

सोळा छटाकांचा एक शेर. छटाक म्हणजे साधारण ५८ ग्रॅम. शेर-छटाक बाजारातून कधीच गेले, ग्रॅम-किलो आले. चार आण्याचं नाणंही २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलं. पण माणूस मोजायला ही मापं अजून चालतात. छटाकभर, टीचभर, चाराण्याचा, दीडदमडीचा, कवडीमोल, चिल्लर.

दोस्तहो, थोडं धान आणि हलका समजलेला माणूस, दोघांना शब्द एकच. कारण माप ज्याच्या हातात, शब्दही त्याचाच. दिवाणजी ज्या मापानं धान मोजतो त्याच मापानं धान वाहणाऱ्यालाही मोजतो.

मंग लहान म्हणणारे सगळेच शब्द वाईट का? माय मला 'बारक्या' म्हणते तेव्हा अर्धं पोट तिथंच भरतं. पण माझा आजा साठीचा झाला तरी पाटलाचं शाळकरी पोट्टं त्याला 'ए बारक्या' म्हणे, आणि आजा त्या पोट्ट्याला 'मालक' म्हणे. शब्द तोच. म्हणून मी एक कसोटी धरली आहे. जो शब्द उलटून म्हणता येतो ती माया, नाहीतर थट्टा. जो उलटून म्हटला तर भाकर जाते, ती सत्ता.

ही गोष्ट एकट्या भंडाऱ्याची नाही. अमेरिकेत केस पिकलेल्या काळ्या माणसालाही गोरे 'बॉय' म्हणत. १९६८ साली मेम्फिसचे काळे सफाई कामगार संपावर गेले, तेव्हा त्यांच्या पाट्यांवर एवढंच होतं : मी माणूस आहे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावलं होतं, की राजकारणात एक माणूस, एक मत, एक मोल हे तत्त्व मानलं जाईल. समाजात मात्र ते मोल नाकारलं जात राहील. तेच बाबासाहेब १९५४ च्या पोटनिवडणुकीत आपल्या भंडाऱ्यातून उभे राहिले आणि पडले. आपल्याला ते सलतं, सलायलाच पाहिजे. पण त्या मोजणीतही मालकाचं मत शेरभर आणि हमालाचं छटाकभर धरलं नव्हतं. एवढं एक माप त्यांनी सरळ करून ठेवलं. बाकीची मापं आपल्यावर सोडली.

आणि आपण काय करतो? सभा संपली की टपरीवरच्या पोराला ओरडतो, "ए छोटू, पाच चहा आण." तो आपल्याला उलटून 'छोटू' म्हणेल का? परवा मी त्याचं नाव विचारलं. तो घाबरला. त्याला वाटलं, तक्रार करायची आहे. मंग त्यानं हळूच नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.

म्हणजे दिवाणजीचं माप माझ्याही हातात होतं. मी ते खाली ठेवतो आहे. तुम्ही आपापले हात बघा.

जय भीम.