गुरूचा अधिकार कोठपर्यंत ?

शिस्त ही शाळेचा प्राण आहे, हें विधान इतक्या वेळां ऐकूं येतें कीं, त्याचा नेमका अर्थ विचारण्याची गरज कोणास भासत नाहीं. शिस्त हवी, याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो हा कीं, ही शिस्त विद्यार्थ्याच्या मागोमाग कोठवर जावी ? शाळा सुटली, मुलगा घरीं गेला, आणि रात्रीं जेवण झाल्यावर मोबाईल हातीं घेऊन त्यानें मनांतलें चार मित्रांस कळविलें, तर त्या चार ओळींबद्दल दुसऱ्या दिवशीं जाब मागण्याचा अधिकार मुख्याध्यापकांस आहे काय ? प्रश्न दिसण्यांत लहान. परंतु गुरुशिष्यांचें नातें, आईबापांचा हक्क आणि नागरिकाचें भाषणस्वातंत्र्य हे तिन्ही मोठे विषय त्याच्या पोटांत दडलेले आहेत.

हा प्रश्न माझ्यापुढें पुस्तकांतून आला नाहीं. मी राहतों तें शेलार हें भिवंडीस लागून असलेलें गांव. यंत्रमागांचा खडखडाट हाच येथल्या दिवसरात्रींचा ताल. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या शिस्तसमितीवर, बाहेरचा शिकलेला गृहस्थ म्हणून, मला बोलावण्यांत आलें होतें. नववींतल्या एका मुलानें रविवारीं रात्रीं वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप-गटावर लिहिलें होतें कीं, अमुक मास्तर वर्गांत शिकवीत नाहींत आणि तेंच संध्याकाळीं शिकवणींत पैसे घेऊन शिकवितात. मजकुरांत एक शब्द अभद्र होता. त्या एका शब्दावर समितीनें तासभर खल केला. मास्तर वर्गांत शिकवितात कीं नाहीं याची चौकशी करावी, असें एकाहि सभासदानें सुचविलें नाहीं. मुलास पंधरा दिवस शाळेबाहेर ठेवण्याचें ठरलें. त्याचा बाप रात्रपाळी आटोपून तसाच आला होता. तो हात जोडून उभा राहिला. मुलानें एवढेंच विचारलें, "सर, मीं लिहिलें तें खोटें आहे का ?" त्याला कोणीं उत्तर दिलें नाहीं. त्या ठरावावर माझीहि सही आहे.

अशा प्रसंगांस मोबाईलची वाट पाहावी लागली नाहीं. १९०५ च्या ऑक्टोबरांत पुण्यास परदेशी कापडाची होळी झाली. तींत पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर त्या वेळीं फर्गसन महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. होळी महाविद्यालयाच्या आवारांत झाली नव्हती. तरी प्राचार्य रँग्लर परांजपे यांनीं सावरकरांस दहा रुपये दंड केला व वसतिगृहांतून काढून टाकलें. 'केसरी'नें 'हे आमचे गुरूच नव्हेत' या मथळ्याखालीं त्याचा समाचार घेतला. परांजपे हे कांहीं क्षुद्र बुद्धीचे गृहस्थ नव्हते. ते मोठे विद्वान व निर्भीड बुद्धिवादी होते. संस्था वावटळींतून वांचवावी हा त्यांचा हेतु प्रामाणिक असेल. परकी सरकारची नजर किती कडक होती हें विद्यार्थ्यांच्या राजकारणास आळा घालणाऱ्या १९०७ च्या रिस्ले परिपत्रकावरून दिसतेंच. तथापि आज त्या प्रकरणाकडे पाहतांना संस्थेची काळजी कोणाला आठवत नाहीं, दंड तेवढा आठवतो. संस्थेच्या अब्रूसाठीं केलेली शिक्षा पुष्कळदां संस्थेच्याच अब्रूस चिकटून राहते.

त्या गोष्टीस सव्वाशें वर्षें होत आलीं, पण आपण फारसें शिकलों असें दिसत नाहीं. मे २०२५ मध्यें पुण्यांतच अभियांत्रिकीच्या एका तरुण विद्यार्थिनीनें भारत-पाकिस्तान संघर्षाविषयींचा दुसऱ्याचा मजकूर इन्स्टाग्रामवर पुढें पाठविला. थोड्याच वेळांत तिनें तो काढून टाकला आणि क्षमाहि मागितली. तरी तिला अटक झाली, आणि तिचें म्हणणें ऐकून न घेतां महाविद्यालयानें तिला काढून टाकलें. २७ मे रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें तिची जामिनावर सुटका करविली, महाविद्यालयाच्या आदेशास स्थगिती दिली व तिला परीक्षेस बसण्याची मुभा दिली. तिचें मत बरोबर होतें कीं चूक, हा प्रश्न येथें गौण आहे. चुकीचें मत बाळगणाऱ्या मुलीस वर्गाबाहेर घालवून तिचें मत सुधारेल, असें मानणाऱ्या शिक्षकाचा शिक्षणावरच विश्वास उरलेला नाहीं, असें म्हणावें लागतें.

अशा शिक्षांच्या समर्थनार्थ आमच्याकडे गुरुकुलाचा दाखला देण्यांत येतो. गुरूचा अधिकार आठहि प्रहर चाले, हें खरें. परंतु शिष्यहि आठहि प्रहर गुरूच्याच घरीं राही, त्याच्याच घरचें अन्न खाई, आजारी पडला तर गुरुपत्नी त्याच्या उशाशीं बसे. अधिकार अखंड होता, कारण जबाबदारी अखंड होती. आजची शाळा पांच-सहा तासांची जबाबदारी घेते आणि अधिकार मात्र चोवीस तासांचा मागते. उरलेल्या वेळांत मूल आईबापांच्या छत्राखालीं असतें. तेथें शाळेनें शिरणें म्हणजे त्यांचा अधिकार हिरावून घेणें होय.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं महानॉय खटल्यांत याच धर्तीचा विचार केला. शाळेच्या वरच्या चमूंत निवड न झाल्यानें रागावलेल्या एका मुलीनें सुटीच्या दिवशीं, शाळेबाहेर, स्नॅपचॅटवर अपशब्द लिहिले. शाळेनें तिला वर्षभर चमूंतून वगळलें. आठ विरुद्ध एक अशा मतांनीं निकाल मुलीच्या बाजूनें लागला. शाळेंतलें आणि शाळेबाहेरचें, दोन्हीं बोलणीं शाळेच्या ताब्यांत गेलीं तर विद्यार्थ्यास मोकळेपणीं बोलावयास जागाच उरत नाहीं, आणि अप्रिय मतांस संरक्षण देणें यांत शाळेचेंहि हित आहे, असा त्या निकालाचा रोख होता. मात्र धमक्या व छळ यांबाबत शाळेचा अधिकार त्या न्यायालयानेंहि सर्वस्वीं नाकारला नाहीं.

आणि तो नाकारतां येणारहि नाहीं. मी या एकाच बाजूनें बोलत राहिलों तर तो अप्रामाणिकपणा होईल. १९७० व १९८४ या सालांच्या दंगली पाहिलेल्या भिवंडीजवळ राहणाऱ्यानें, शब्द हे केवळ वारा आहेत, असें म्हणूं नये. त्याहून जवळचें उदाहरण घ्या. एखाद्या मुलीचें छायाचित्र विद्रूप करून तिच्या वर्गमित्रांनीं रात्रीं गटावर टाकलें. कृत्य घरीं झालें. पण सकाळीं त्याच वर्गांत, त्याच मुलांच्या हंशापुढें तिला बसावयाचें आहे. 'हें शाळेबाहेर घडलें' असें म्हणून मुख्याध्यापक हात झटकूं लागले तर त्यांना शिक्षक कोण म्हणेल ?

एवंच, शाळेची कुंपणभिंत ही खरी कसोटी नव्हे. लिहिलें कोठें, यापेक्षां तें लागलें कोणास, हें पाहावें. एखाद्या विद्यार्थ्याचें शिकणेंच अशक्य व्हावें असा घाव त्याच्यावर झाला असेल तर शाळेनें मध्यें पडलेंच पाहिजे; मात्र आरोपी मुलाचें म्हणणें ऐकून, अपराधाच्या मानानें, आणि त्याचें शिक्षण न तोडतां. उलट, दुखावला असेल तो शिक्षकाचा अहंकार, शाळेचा लौकिक किंवा गांवांतल्या बहुमताचा अभिमान, तर शिक्षेचा अधिकार शाळेस नाहीं, समजावण्याचा आहे. कायद्याचा भंग झाला असेल तर त्यासाठीं न्यायालयें आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंतचें शिक्षण पुरें होईतों मुलास शाळेंतून काढण्याची मनाई केली आहे. आमच्या मुलास शाळेंतून कायमचें काढलें नव्हतें, आणि तो नववींतहि होता. पण कायदा संपतो तेथें शिक्षकाचें कर्तव्य संपत नाहीं.

हें सारें पुस्तकी वाटेल, म्हणून भिवंडीचाच दाखला देतों. १९८८ पासून पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं येथें मोहल्ला समित्या उभारून दोन्हीं समाजांच्या माणसांस नित्य एकत्र बसवून बोलतें केलें. १९९२-९३ सालीं मुंबई पेटली असतां भिवंडी शांत राहिली. बोलणें बंद करून ती शांतता आली नव्हती. एकमेकांशीं बोलण्याची संवय लावून आली होती. दंगलींच्या गांवास जें साधलें, तें चाळीस मुलांच्या वर्गास साधूं नये काय ?

त्या मुलास द्यावयाचें उत्तर मला आतां सुचतें. "बाळ, तूं लिहिलेंस तें खरें कीं खोटें याची चौकशी आम्ही करूं. तो एक शब्द मात्र वाईट होता. तो मागें घे. या दोन गोष्टी निराळ्या आहेत." एवढें सांगावयास दोन मिनिटें पुरलीं असतीं. आम्ही पंधरा दिवस घेतले, आणि त्या पंधरा दिवसांत तो जें शिकला तें हेंच कीं, खरें बोलावयाचें असेल तर वडील माणसांस कळूं न देतां बोलावें. तो धडा आम्हींच त्याला दिला. त्याबद्दल आम्हांस मात्र कोणीं पंधरा दिवस बाहेर ठेवलें नाहीं.