पानगळीचे सौंदर्य आणि अनित्यता

सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, हे जपानमधील ओकायामा शहरात 1700 मध्ये पूर्णत्वास गेलेल्या कोराकुएन या उद्यानाच्या धर्तीवर रचलेले असले, तरी पुण्यात बर्फ पडत नाही. ओकायामातही तो बेताचाच पडतो, आणि हिवाळी उद्यानाविषयीच्या विवेचनात ही गोष्ट सहसा विसरली जाते. पानगळ किंवा हिम सुंदर वाटते ते नाशामुळे, की नाशातही काही टिकून राहते म्हणून, हा येथील मूळ प्रश्न आहे. बौद्ध क्षणभंगवादानुसार, म्हणजे प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नष्ट होते या मतानुसार, टिकणारे असे काहीच नाही. चौदाव्या शतकातील जपानी भिक्षू योशिदा केन्को यानेही, पूर्ण बहरलेली फुलेच तेवढी पाहण्याजोगी का मानावीत, असा प्रश्न केला होता. उलट अद्वैत वेदान्त प्रत्येक वस्तूत अस्ति, भाति, प्रिय, नाम आणि रूप असे पाच अंश मानतो. त्यांपैकी असणे, प्रकाशणे व आवडणे हे पहिले तीन ब्रह्माचे आणि उरलेले दोन जगाचे असल्यामुळे, पाने गळाली तरी प्रियत्व ढळत नाही. हे उत्तर तर्कदृष्ट्या भक्कम असले, तरी ते विशिष्ट झाडाला फार लवकर मागे टाकते. पुण्यातली काटेसावर निष्पर्ण होऊन फुलते तेव्हा पाहणाऱ्याला भावते ती त्याच फांद्यांची रेखा. कोराकुएनमध्ये तर फेब्रुवारीच्या सुमारास वाळलेली हिरवळ मुद्दाम जाळतात, जेणेकरून कीड मरावी आणि नवे गवत जोमाने यावे.