अंधाराचीही मात्रा

घाटकोपरहून मानखुर्द ओलांडलं की ट्रॉम्बे. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव निघालं की अणुभट्ट्या आठवतात. शेतकरी मात्र ते केंद्र 'टॅग-२४' या भुईमुगाच्या वाणामुळे ओळखतो. केळीच्या ऊतिसंवर्धनावरही तिथे काम झालं आहे. अशा संवर्धनाच्या खोलीत ऊन येतच नाही. मांडण्यांवर बाटल्या, वर ट्यूबलाइट किंवा एलईडी, तापमान २५ अंशांच्या आसपास आणि भिंतीवर टायमर. १६ तास उजेड, ८ तास अंधार ही बहुतेक ठिकाणी रूढ असलेली पद्धत.

मला त्या खोलीत दिव्यांपेक्षा टायमर मोलाचा वाटतो. बाटलीतल्या रोपाला साखर बाटलीतल्या पोषक माध्यमातूनच मिळते आणि दिवेही भर दुपारच्या उन्हापुढे अगदी फिके असतात. म्हणजे तिथला प्रकाश पोट भरण्यापेक्षा निरोप देण्याचं काम जास्त करतो. आणि निरोप पोचायचा तर मध्ये अंधाराची शांतता हवी.

गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवलं की फुलायचं कधी, हे अनेक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी त्यापुढची गोष्ट सिद्ध केली: शंखेश्वर हे तण खरं तर रात्र मोजतं. कपड्यांना काटेरी फळं चिकटवणारं हेच ते तण. त्याला सलग साडेआठ तासांच्या आसपास अंधार लागतो. लांबलचक रात्रीच्या मधोमध मिनिटभर दिवा लावला, तरी त्याचं फुलणं अडतं! पानातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य लाल प्रकाश टिपतं आणि हिशेब मोडतो.

आपल्या रस्त्यांवरचा पर्जन्यवृक्षही संध्याकाळी पानं मिटतो. त्या मिटण्यामागे फायटोक्रोम आणि झाडाचं आतलं घड्याळ कसं चालतं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी याच जातीची रोपं प्रयोगशाळेत वाढवून तपासलं. तिथे या झाडासाठी अंधार मुद्दाम राखला जात होता. अंधेरी-मुलुंडच्या रस्त्यांवर मात्र त्याच्याच बुंध्याला रात्रभर झगमगत्या माळा गुंडाळलेल्या असतात. रस्त्याच्या दिव्यांजवळच्या काही झाडांची पानगळ लांबते, ही नोंद न्यूयॉर्कमध्ये १९३६ मध्येच झाली होती. आपल्याकडे झाडांवरच्या रोषणाईचा प्रश्न २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला.

सोसायटीच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे: सण झाला की झाडांवरच्या माळा उतरवा. आणि उपनगरांतल्या कॉलेजांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी दिव्याखालचा एक पर्जन्यवृक्ष आणि अंधारातला एक, अशा दोन्हींच्या पानांच्या नोंदी वर्षभर ठेवाव्यात. त्यासाठी कुठलंही महागडं उपकरण लागत नाही.