दोन्ही टोकं आपली

परत आलेलं मेल रिकाम्या हातानं येत नाही, तीन आकडे घेऊन येतं. ५.६.७ म्हणजे पत्त्यात रोमनखेरीज अक्षरं आहेत आणि समोरच्याला ती चालत नाहीत. दादरा-नगर हवेलीतल्या अथालच्या औद्योगिक वसाहतीत काय किंवा मुंबईच्या कचेरीत काय, हे आकडे सहसा कुणी वाचत नाही. मेल पुन्हा पाठवतात. मग पुन्हा. आग्रहानं माणूस विरघळतो, सर्व्हर नाही.

*

जॉन पोस्टेलनं १९८२ मध्ये ई-मेलच्या वाहतुकीचा नियम लिहिला, एसएमटीपी. अक्षराला सात बिट. त्यात १२८ चिन्हं बसतात, इंग्रजीचं भागलं. दुष्टावा कुठंच नव्हता. बहुतेक अन्यायांना तो लागतही नाही; घरातल्यांची पानं मोजून स्वयंपाक केला की पुरे.

देवनागरीच्या एका चिन्हाला यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत तीन बाइट लागतात आणि तिन्हींचा आठवा बिट चालू असतो. अडतो तो नेमका तोच. १९९२ मध्ये इतर लिप्यांचा मजकूर मेलमध्ये बसवणारं माइम आलं, पाठोपाठ आठ बिटांना वाट देणारा विस्तार आला. पण विस्तार ऐच्छिक. आपण सुधारलो म्हणून पलीकडचा सुधारत नाही.

*

'अथाल' घ्या. अ, थ, काना, ल. बारा बाइट. पश्चिम युरोपच्या जुन्या विंडोज अक्षरकोष्टकानं ते वाचले, तर दर चिन्हाच्या जागी आधी माथ्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए येतो, मग चलनाचं एक गोल चिन्ह, आणि त्यामागे ओळीनं तीन टिंबं, जपानी येन, पाऊण आणि वर्गाचा दोन. कारखान्यांच्या गावाला येन आणि पाऊण शोभतातही म्हणा. पाहणारा म्हणतो, मेल खराब झालं. काही खराब झालेलं नाही. बाराच्या बारा बाइट शाबूत आहेत. कोष्टक बदला, अथाल परत.

खरं नुकसान दिसायला नीटनेटकं असतं. न ओळखलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसवून मेल पुढं ढकलणारा सर्व्हर आपल्या नोंदीत 'पोचलं' असं लिहून मोकळा होतो. त्या प्रश्नचिन्हांतून काहीच परत येत नाही. बिघडलेलं दुरुस्त होतं. परस्पर दुरुस्त केलेलं होत नाही. त्यापेक्षा परत आलेलं मेल परवडलं. कुणी नाकारलं, ते तरी कळतं.

*

दुरुस्तीला बसणारा माणूस मजकूर वाचत नाही, मेलचा कच्चा स्रोत उघडतो. तिथं मराठी बहुधा बेस-६४ च्या रोमन वेषात असते. तीन बाइटांची चार रोमन अक्षरं. देवनागरीचं चिन्हही तीनच बाइटांचं, त्यामुळे हिशेब काठोकाठ जमतो. अथालची चारही चिन्हं 'फोर-के-एस'नं सुरू होतात, वेगळं असतं ते फक्त चौथं अक्षर. हेच गाव गुजरातीत लिहिलं की 'फोर-के-क्यू' होतं. चौथी अक्षरं मात्र जशीच्या तशी राहतात! हा योगायोग नाही. इस्की या भारतीय प्रमाणात मराठी आणि गुजराती 'क'ला एकच क्रमांक होता, लिपी कुठली ते निराळं सांगायचं. युनिकोडनं त्यांना वेगवेगळे पट्टे दिले, पण इस्कीच्या मांडणीचा क्रम राखला. सीमेवर कुणाच्या पाट्या लावायच्या यावर भांडणाऱ्यांनी हा स्रोत एकदा उघडून पाहावा.

विषयाच्या ओळीला जागा कमी. एका तुकड्याला ७५ रोमन अक्षरांची मर्यादा, म्हणजे देवनागरीची जास्तीत जास्त १५ चिन्हं. चिन्ह मधोमध तोडू नये असा नियम आहे. तोडणारे प्रोग्राम तोडतातच, आणि धडधाकट ओळीत काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उगवतं.

*

वाट अशी जमिनीवरही अडते. अथालजवळून जाणारी दमणगंगा दमणला समुद्राला मिळते. एकेकाळी पोर्तुगालचं दमण किनाऱ्यावर, दादरा आणि नगर हवेली हे परगणे आत, मधला मुलूख भारताचा. २२ जुलै १९५४ ला दादरा सुटलं, २ ऑगस्टला सिल्वासा. पुढच्या वर्षी पोर्तुगाल वाटेचा हक्क मागायला हेगच्या न्यायालयात गेलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालानं खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता हक्क मान्य केला. सशस्त्र दलं, सशस्त्र पोलीस, शस्त्रं आणि दारूगोळा यांचा नाही. आणि भारतानं जबाबदारी मोडली असंही ठरलं नाही. त्याच खटल्यात पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेला तह पुढं आला. पोर्तुगालनं त्यात सार्वभौमत्व वाचलं, न्यायालयानं महसूल. कागद तोच, कोष्टकं दोन. दीडशेहून अधिक वर्षं त्या फरकानं कुणाचं अडलं नव्हतं. अडलं ते वाट लागली तेव्हा.

दोन्ही टोकं आपली असली म्हणून मधली वाट आपली होत नाही.

*

२०१२ मध्ये देवनागरी पत्त्यासाठी एसएमटीपीयूटीएफ८ हा विस्तार ठरला. २०१४ मध्ये .भारत हे डोमेन सुरू झालं, आणि त्याच वर्षी जीमेलही असे पत्ते घेऊ लागलं. पण वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरचा होकार लागतो. भेट होताच समोरचा सर्व्हर आपल्याला काय काय जमतं ते म्हणून दाखवतो. त्या यादीत हे नाव नसलं की मेल माघारी. तपास इथूनच सुरू करावा. आपल्या सर्व्हरवर रात्र घालवणारे बरेच असतात, बिघाड पलीकडच्या यादीत असतो.

मजकूर बेस-६४ मध्ये गुंडाळून नेता येतो. डोमेनलाही प्युनिकोडचा रोमन अंगरखा मिळतो. ॲटच्या आधीचं, माणसाचं नाव तेवढं कशातच गुंडाळता येत नाही. म्हणून देवनागरी पत्ता देणारे सोबत एक रोमन पत्ताही जोडून देतात, आणि ऑर्डरच्या फॉर्मवर कारकून तोच लिहितो.