कानाची साक्ष

साक्षीदाराने जे पाहिले वा ऐकले तेवढेच सांगावे, अशी न्यायासनाची अपेक्षा असते. परंतु पूर्ण प्रामाणिक माणसाची साक्षही चुकीची ठरू शकते, हा अनुभव जुनाच आहे. म्हणूनच आपल्या न्यायशास्त्राने प्रत्यक्षाला प्रमाण मानताना ते अव्यभिचारी, म्हणजे न फसवणारे असावे, अशी अट घातली. या अटीचे महत्त्व आम्हांस एका वरकरणी क्षुल्लक वस्तूच्या संदर्भात नव्याने जाणवले. ती वस्तू म्हणजे घरच्या संगीतयंत्रणेत सीडी प्लेअर आणि ॲम्प्लिफायर यांना जोडणारी, हातभर लांबीची केबल.

ही केबल शे-दोनशे रुपयांना मिळते आणि काही लाखांनाही मिळते. महाग केबलमध्ये चांदीचा मुलामा असतो, शुद्ध तांबे असते, पिना सोन्याने मढवलेल्या असतात. ती जोडताच गायकाचा श्वास ऐकू येऊ लागतो, तंबोऱ्याची जवारी उलगडते, असे रसिक सांगतात. हे रसिक खोटे बोलत नाहीत. मग प्रश्न असा की, त्यांचे म्हणणे खरे मानावे काय?

प्रथम केबलची बाजू न्यायाने मांडू. वाईट केबल आवाज बिघडवते, यात शंका नाही. पिनेला गंज चढला, डाग सुटला किंवा आतील तारेभोवती जाळीचे आवरण नसले, तर खरखर आणि विजेची घूंघूं ऐकू येते. तबकड्या वाजवणाऱ्यांच्या बाबतीत केबलची विद्युतधारिता सुईच्या अनेक प्रकारांत स्वरावर खरोखर परिणाम करते. परंतु सीडी प्लेअरपासून निघालेल्या मीटरभर चांगल्या केबलचा रोध ओहमच्या लहानशा अंशाएवढा, तर पुढे ॲम्प्लिफायरच्या दाराशी असलेला रोध दहा हजार ओहम वा त्याहून अधिक. केबलमुळे स्वर क्षीण व्हायला लागतात ते सेकंदाला लक्षावधी कंपनांच्या पलीकडे. माणसाचा कान तरुणपणी सुमारे वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो आणि उतारवयात त्याहून बराच कमी. म्हणजे जेथे फरक पडतो तेथवर आपला कान पोहोचतच नाही.

बुऱ्हाणपूरकरांना ही गोष्ट समजावयास अवघड जाऊ नये. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, येथे कुंडी भंडाऱ्याची योजना झाली. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, केवळ उताराच्या बळावर, शहराकडे आणले गेले. त्या बोगद्याची थोरवी काय? वाटेत पाणी गळू नये, गढूळ होऊ नये, एवढीच. बोगद्याने पाणी गोड करावे, अशी अपेक्षा कोणी केली नाही. केबलचा धर्मही तोच आहे.

तरीही रसिक म्हणतात, “गणित काहीही सांगो, आमचा कान सांगतो.” कानाचा हा अभिमान अनाठायी नाही. तंबोरा लावणाऱ्या गवयाला केसभर उतरलेली तार डोळे मिटूनही कळते. मात्र ‘डोळे मिटूनही’ या दोन शब्दांतच सारी परीक्षा आहे. पडद्याआड तिसऱ्या माणसाने केबल बदलावी, दोन्ही वेळा आवाजाची पातळी काटेकोर सारखी ठेवावी, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला अधिक चांगला वाटतो. असे सोळा वेळा करून कोणती केबल जोडली आहे ते ओळखावे. नुसत्या अंदाजाने आठेक उत्तरे बरोबर येतील. बारा किंवा अधिक बरोबर येण्याचा संभव शंभरात चारांहून कमी. तेवढी आली तर साक्षीला वजन आहे. जेम्स रँडी या अमेरिकन जादूगाराने २००७ मध्ये सात हजार डॉलरांहून महाग स्पीकर-केबल अशा परीक्षेत ओळखून दाखवणाऱ्यास दहा लाख डॉलर देऊ केले होते. ती परीक्षा अखेर झालीच नाही.

पडद्याची ही युक्ती जुनी आहे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने मेस्मरच्या ‘प्राणिचुंबकत्वा’ची चौकशी करण्यासाठी समिती नेमली, तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेतील एक झाड मंत्रावे तसे ‘चुंबकित’ केले गेले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला, डोळे बांधून, निरनिराळ्या झाडांपाशी नेण्यात आले. चौथ्या झाडाशी तो मूर्च्छित पडला. ते झाड भलतेच होते. त्या मुलाची मूर्च्छा ढोंग नव्हती. चुकीचे होते ते तिचे कारण.

आमच्या मते नैतिक विवेकाची जागा येथेच आहे. महाग केबल जोडल्यावर एखाद्याला गाणे अधिक सुंदर भासले, तर तो आनंद त्याचा आहे आणि खरा आहे. त्यासाठी त्याने कोणापुढे पुरावा मांडण्याची गरज नाही. परंतु ‘हा आनंद केबलने दिला’ असे तो म्हणतो, तेव्हा ते विधान तपासण्याजोगे होते. आणि ‘तुम्हीही घ्या’ असे म्हणतो, तेव्हा तर दुसऱ्याच्या पैशाची जबाबदारी त्याच्यावर येते. जो दुसऱ्याला सल्ला देतो, त्याने आधी आपला कान पडद्याआड बसवून पाहिलेला असावा.

याहून अवघड प्रसंग असा. निवृत्तीच्या पुंजीतून एखाद्या स्नेह्याने अशी केबल आणली आहे. तो आपल्याला बोलावतो, चहा देतो, गाणे लावतो आणि आशेने विचारतो, “फरक जाणवतो ना?” सौजन्य म्हणते, हो म्हणावे. आम्हांस वाटते, खरेदीपूर्वी विचारले असता गप्प राहणे हा अपराध आहे; खरेदीनंतर न विचारता बोलणे हा उद्धटपणा आहे. पण विचारलेच, तर “मला जाणवत नाही” एवढे साधे उत्तर द्यावे आणि पडद्याआड आपणही त्याच्याबरोबर बसावे. आपण ज्या परीक्षेला बसणार नाही, ती मित्रावर लादू नये.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या जुन्या कुटुंबांनी विसरू नये. उगमीच पाणी आटले तर बोगदा कितीही पक्का असून उपयोग नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या कपाटांत जुन्या कॅसेट पडून आहेत. कोणाच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, कोणाच्या वडिलांनी म्हटलेली आरती, खानदेशी वळणाची ती मराठी, जी आता नातवंडांच्या तोंडी नाही. फितीवरील चुंबकीय थर वर्षागणिक झिजतो आहे. त्या आवाजांची नक्कल वेळीच करून घेण्याचा खर्च एखाद्या उंची केबलच्या किमतीपुढे किरकोळ ठरेल. आणि त्यांतील आवाज आजीचाच आहे, हे ओळखावयास पडद्याचीही गरज पडणार नाही.