कॅसेटचा संबंध, पेन ड्राइव्हचा पाठ

लग्नाच्या कॅसेटचं चित्रण संगणकात उतरवून झालं की ते डीव्हीडीवर घ्यायचं की पेन ड्राइव्हवर, हे आपण दुकानदाराला विचारतो. त्याचं उत्तर भाव आणि सोय पाहून येतं, आणि त्यात गैर काही नाही. पण मूळ वस्तू सोडून तिच्यातला मजकूर दुसऱ्या वस्तूत नेला, तर नेलं काय आणि मागे राहिलं काय, हा प्रश्न भंडारा जिल्ह्याला नवा नाही. चक्रधरस्वामींच्या शिष्यांपैकी नीळभट्ट भांडारेकारांच्या नावातच भंडारा गाव आहे, आणि ज्या महानुभाव पंथाचे ते, त्या पंथाने या प्रश्नावर सातशे वर्षं डोकं चालवलं आहे. त्या विचाराच्या आधाराने मी एवढंच म्हणतो, की चित्रण दुसरीकडे उतरवणं ही पोथीची प्रत करण्याच्या जातीची कृती आहे, आणि पोथी उतरवणाऱ्यावर जी बंधनं येतात ती इथेही येतात.

महानुभावांच्या स्मरणाची साधनं दोन वेगळ्या जातींची आहेत. एक संबंधाची: स्वामी जिथे बसले ते स्थान, तिथे बांधलेला ओटा, त्यांच्या स्पर्शाची वस्तू, स्थानाचा पाषाण. इथे प्रत चालत नाही. दुसरा दगड कितीही हुबेहूब घडवला तरी तो दुसराच. दुसरी जात लीळेची, म्हणजे घडलेल्या प्रसंगाची. ती सांगता येते, लिहिता येते, उतरवून घेता येते आणि उतरवल्याने उणी होत नाही. आपण या दोहोंची गल्लत करतो. कॅसेट संबंधाची वस्तू आहे: त्या दिवशी ती मांडवात होती, हळदीच्या हातांनी कुणी ती उचललीही असेल. फाइल हा लीळेचा पाठ आहे. म्हणून ‘आता पेन ड्राइव्हवर आलं, टाका ती कॅसेट भंगारात’ हे जितकं चूक, तितकंच ‘कॅसेट कपाटात आहे ना, मग झालं’ हेही चूक. कपाटातली कॅसेट पावसाळ्यात बुरशी धरते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीला वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं, तेव्हा कपाटांच्या खालच्या खणांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप असा, की पोथी हाताने उतरवली जाई आणि हात चुकतो. डिजिटल प्रत अक्षरशः तीच असते, तेव्हा ही तुलनाच लंगडी. फाइल जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर घेतली तर हे खरं आहे. पण टीव्हीखालच्या प्लेअरवर चालणारी डीव्हीडी बनवायची म्हटलं की ते खरं राहत नाही. ई-१८० कॅसेट तीन तासांची. डीव्ही पद्धतीने उतरवली तर तासाला सुमारे १३ जीबी, म्हणजे सगळी मिळून चाळीसच्या आसपास. साध्या डीव्हीडीची जागा ४.७ जीबी. ती फाइल दाबून, पुन्हा एमपेग-२मध्ये बसवावी लागते, आणि बसवताना यंत्र काय सोडायचं ते ठरवतं: मांडवाच्या कोपऱ्यातला अंधार, मागच्या रांगेतले चेहरे, कोपऱ्यात उमटलेल्या तारखेच्या कडा. ही प्रत नाही, हा संक्षेप आहे. (पेन ड्राइव्हचीही एक खोड आहे. जुन्या फॅट-३२ मांडणीत चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही, मग तिचे तुकडे पडतात आणि कन्यादान एका तुकड्यात, पाठवणी दुसऱ्यात.) शिवाय घरी बर्न केलेल्या डीव्हीडीतला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने उडतो, आणि आपल्याकडचा मे महिना काय असतो ते वेगळं सांगायला नको; आणि पेन ड्राइव्हमधला विद्युतभार वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला तर झिरपत जातो. तेव्हा वस्तू कोणतीही निवडा, काही वर्षांनी पुन्हा उतरवून घेणं आलंच.

हे पुन्हापुन्हा उतरवणं म्हणजे नुसती कटकट, असं वाटतं. चक्रधरस्वामींच्या लीळांचा ग्रंथ असलेल्या लीळाचरित्राचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास साक्षीदारांना गाठून, नागदेवाचार्यांना विचारून लीळा जमवल्या. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, आणि ज्यांना ती पाठ होती त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. अर्थात पाठ सगळे सारखे आले नाहीत. पंथाने त्यातला एक खरा ठरवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. अमुक पाठ हिराइसेचा, तमुक रामेश्वराचा, असं नावानिशी ठेवलं. कुणाच्या तोंडचं आहे हे मजकुराइतकंच जपलं गेलं. आपल्या पेन ड्राइव्हवर नेमकं तेच नसतं. फाइलचं नाव ‘न्यू व्हिडिओ १’. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या या जिल्ह्यात लग्नातल्या गुंडावरसुद्धा देणाऱ्याचं नाव घालून मिळतं. चित्रणात मात्र कोण कोण आहे, कॅमेरा कुणाचा होता, कॅसेटीवरून कुणी आणि कधी उतरवलं, यातलं काहीच नाही. त्यात त्या काळी व्हिडिओवाल्यानेच मूळ आवाजावर सिनेमाची गाणी चढवलेली असत. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आत्याचा आवाज पहिल्याच संस्कारात गेला. आता ओठ हलताना दिसतात. ती काय म्हणत होती हे सांगणारी दोन-चार माणसं हयात आहेत, तोवर त्यांना विचारून एका साध्या लेखी फाइलमध्ये उतरवलं तरच तो पाठ पुरा होतो. जागांचंही तेच. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढे गावं पाण्याखाली गेली. त्या गावांतल्या लग्नांच्या कॅसेटींत विहीर, पार, देऊळ ओझरतं येतं, कॅमेरा वरातीमागे धावताना. ते देऊळ कुठलं, हे सांगणारं कुणी उरलं नाही तर मागे एक अनोळखी भिंत तेवढी राहील.

दुसरा आक्षेप बौद्ध अंगाने येतो आणि तो वजनदार आहे: सगळं अनित्य, मग हा हव्यास कशाला? पण याच जिल्ह्यातल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७०मध्ये उत्खनन झालं, तेव्हा अनित्यता शिकवणाऱ्यांचाच स्तूप मिळाला, आणि दगडांवर दान देणाऱ्यांची नावंही. सुत्तं लिहून ठेवण्याआधी कित्येक पिढ्या भाणकांनी ती पाठ करून पुढे नेली. वस्तू टिकत नाही हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांनीच उतरवून पुढे देण्याची शिस्त कडक ठेवली. मला यात विसंगती दिसत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो. त्या चित्रणात मोडलेल्या लग्नातली सूनही आहे, आणि आज ती कुणाच्या तरी मोबाइलवर फिरू नये, हा तिचा हक्क आहे. मग तेवढा भाग कापून उरलेलं पुढे द्यावं का? घरोघरी तेच होतं, आणि दोनदा उतरवलं की कापलेलं होतं हेही कळत नाही. महानुभावांपुढे पेच वेगळा होता, पण त्यांची वाट इथे उपयोगी आहे. त्यांनी ग्रंथ नष्ट केले नाहीत, छाटलेही नाहीत. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि किल्ली गुरूकडून शिष्याकडे दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हते. तसं मूळ अखंड चित्रण एका कुलूपबंद ड्राइव्हवर ठेवावं, नातेवाइकांत वाटायची प्रत वेगळी करावी, त्या प्रतीत काय गाळलं ते लिहावं आणि त्या सुनेला गाठता येत असेल तर आधी तिला विचारावं. अडचण एकच उरते: सकळ लिपीची किल्ली शिष्याला शिकवली जाई, आपल्या ड्राइव्हचा पासवर्ड बहुतेकदा एकाच माणसाला ठाऊक असतो.