नाव कशावरून ठेवायचं?

लिनक्सचं मशीन सुरू होताना पडद्यावरून भराभर ओळी सरकतात. त्यातली एक मी नेहमी शोधून वाचतो: कार्डाचं नाव आता 'ईएनपी३एस०', आधीचं 'ईथ०'. मशीन जागं होतानाच्या काही सेकंदांत नेटवर्क कार्डाला दोन नावं मिळतात. पहिलं लिनक्सचा गाभा असलेला कर्नल ठेवतो, दुसरं उपकरणांची व्यवस्था पाहणारा यूडेव्ह. एवढा खटाटोप कशासाठी, हे मला एका रात्रीने शिकवलं.

एका कार्यालयाचा जुना सर्व्हर आम्ही रीस्टार्ट केला होता. त्यात दोन कार्डं होती. ईथ० इंटरनेटकडे, ईथ१ आतल्या ऑफिसकडे. फायरवॉलचे सगळे नियम याच नावांवर लिहिलेले. मशीन वर आलं, दोन्ही दिवे हिरवे लागले, एररही कुठे नव्हती. पण पिंग काही जाईना. शेवटी एक केबल उपसून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. नावांची अदलाबदल झाली होती. बाहेरच्यांसाठी लावलेली कडी घरच्यांना लागली होती आणि घरच्यांसाठीचं दार रस्त्यावर सताड उघडं होतं.

चूक कुणाचीच नव्हती. कर्नलला जे कार्ड आधी सापडेल ते ईथ०, नंतरचं ईथ१. ड्रायव्हर एकाच वेळी सुरू होऊ लागले, तसा हा क्रम भरवशाचा राहिला नाही. ईथ० हे नाव नव्हतंच. तो रांगेतला नंबर होता, आणि आम्ही त्याला ओळख समजून बसलो होतो.

यावर पहिला उपाय निघाला तो कार्डाच्या अंगावरच्या खुणेचा. प्रत्येक कार्डाला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. यूडेव्ह तो एका फाईलमध्ये टिपून ठेवी आणि पुढच्या वेळी तेच नाव परत देई. पण ते नाव पुन्हा 'ईथ'च्याच मालिकेतलं. एकीकडे कर्नल ती नावं वाटतोय, दुसरीकडे यूडेव्ह तीच बदलतोय; मग दोघांची टक्कर ठरलेली. शिवाय व्हर्च्युअल मशीनची प्रत काढली की मॅक पत्ता नवा मिळे, पण फाईल जुन्या कार्डाची जागा धरून बसे. एकुलतं एक कार्ड ईथ१ म्हणून जन्मे आणि ईथ०ची वाट पाहणारं नेटवर्क बंदच राही.

मग यूडेव्हला पोटात घेतलेल्या सिस्टमडीच्या, जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या १९७व्या आवृत्तीने नाव जागेवरून ठेवायला सुरुवात केली. ईएनपी३एस० म्हणजे तीन क्रमांकाच्या पीसीआय बसवरच्या शून्य क्रमांकाच्या स्लॉटमधलं इथरनेट कार्ड. आपल्याकडच्या सातारकर, चिपळूणकर या आडनावांसारखंच हे. फरक इतकाच, की माणूस गाव सोडून गेला तरी आडनाव सोबत नेतो; कार्डाचं नाव मात्र जागेपाशीच राहतं. म्हणून जळलेलं कार्ड काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरं बसवलं, तर नाव तेच मिळतं. ही मोठीच सोय झाली. पण मशीनमध्ये एखादं नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, की कधी बसचे आकडे सरकतात आणि ईएनपी३एस०चं ईएनपी४एस० होतं. इथे कार्ड हललेलं नसतं, गावाचाच पत्ता बदललेला असतो.

कधी आलं, कोण आहे, कुठे बसलंय, एवढं मशीन सांगू शकतं. फायरवॉलला हवं असतं ते चौथं उत्तर: हे कार्ड कशासाठी आहे? ते मशीनला कळणार नाही. ते केबल लावणाऱ्यालाच ठाऊक असतं. म्हणून माझं ठाम मत आहे, की एकाहून अधिक कार्डं असतील तिथे नाव कामावरून ठेवावं आणि ते माणसाने ठेवावं.

त्याला फार काही लागत नाही. प्रत्येक कार्डासाठी सिस्टमडीची एक छोटी डॉट-लिंक फाईल, त्यात त्या कार्डाचा मॅक पत्ता आणि खाली नाव: 'लॅन०', 'वॅन०'. नाव १५ अक्षरांत बसवायचं आणि 'ईथ' टाळायचं, कारण ती मालिका कर्नलची आहे. उद्या कार्ड बदललं तर याच फाईलमधली एक ओळ बदलायची. फायरवॉलच्या नियमांना हात लावावा लागत नाही.

एकाच कार्डाच्या लॅपटॉपला याची गरज नाही. पण तुमच्या हाती दोन कार्डांचा सर्व्हर असेल, तर त्या दोन फाईली आजच लिहा. पुढचा रीस्टार्ट कदाचित रात्री होईल, आणि तेव्हा त्या मशीनसमोर तुम्ही नसाल.